‘फोन तेवढा तुम्ही घ्या’: उद्यमनगरातलं एक प्रकरण

(नाव बदललं आहे. कुटुंबाचे आणि कामाचे काही तपशीलही ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतली आहे.)

पार्श्वभूमी

अनिकेत २६ वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि बँकेचं कर्ज काढून घेतलेलं एक व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांकडून कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, येतात, इथं मशीनिंग होऊन परत जातात. आण्णा स्वतः दुसऱ्याच्या लेथवर टर्नर म्हणून उभे राहिलेले. आवाज मोठा, ओळखी गावभर, आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर अर्धा धंदा जमवणारा माणूस.

व्हीएमसी आल्यापासून शॉपचा खरा कणा अनिकेत होता. प्रोग्रॅम तो लिहायचा, फिक्श्चर (मशीनवर जॉब धरून ठेवणारी चौकट) तो सुचवायचा, ड्रॉइंगमधली चूक सगळ्यात आधी त्याला दिसायची. फक्त फोन घ्यायचा नाही. फोन दाजी घ्यायचे, म्हणजे त्याच्या बहिणीचे नवरे. ते दोन वर्षांपासून डिस्पॅच आणि गिऱ्हाइकांचं बघत होते. दाजी नसले तर आण्णा, आण्णा नसले तर लेथवरचे मामा. ‘फोन तेवढा तुम्ही घ्या’ हे वाक्य शॉपमध्ये इतकं रुळलं होतं की त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पोरगा लाजाळू आहे, कामाला वाघ आहे, विषय संपला.

मग दाजींना चाकणला नोकरी लागली.

अडचण कुठे उघडी पडली

दाजी गेल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात एक लॉट पूर्ण रिजेक्ट झाला. ही घटना जरा सविस्तर सांगतो, कारण अनिकेतला होता तो सामाजिक भीतीचा आजार, म्हणजे लोकांसमोर बोलण्या-वागण्याची टोकाची भीती, कसा काम करतो ते तिच्यात दिसतं.

एका हाउसिंगची, म्हणजे बेअरिंग बसवायच्या भागाची, ऑर्डर आली. ऑर्डरवर ड्रॉइंगची ‘रेव्हिजन बी’, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, लिहिली होती, हातात होती ‘ए’. जुन्या ड्रॉइंगवर बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, होता ४२ एच७, म्हणजे ४२ मिलिमीटरला वर २५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतो. हे हाउसिंग कशासाठी आहे ते माहीत असल्यामुळे अनिकेतला शंका आली की बेअरिंग घट्ट बसावं म्हणून बोअर बदलला असणार. शंका बरोबर होती. नव्या ड्रॉइंगवर तोच बोअर ४२ एम७ होता, म्हणजे ४२ च्या वर अजिबात नाही, खाली २५ मायक्रॉनपर्यंत. गिऱ्हाइकाकडच्या क्वालिटीवाल्या साहेबांना एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

त्यानं नंबर काढला, ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला. ‘सर’ आधी लिहावं की नंतर, इथपासून अडला. मेसेज गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी मशीन रिकामं ठेवता येईना म्हणून जुन्या ड्रॉइंगवर लॉट चालवला. बोअर लहान राहिला असता तर परत मशीनवर चढवून दुरुस्त करता आला असता. तो मोठा झाला होता आणि काढलेला धातू परत लावता येत नाही. सगळा माल भंगारात.

आण्णांनी भर शॉपमध्ये विचारलं, “आरं, एक फोन कराय काय जीव जातोय व्हय तुझा?”

अनिकेत म्हणाला, रेंज नव्हती. हे खोटं त्याला लॉटपेक्षा जास्त लागलं. त्यानंतर आठवडाभर तो शॉपला गेला नाही. मी बोलण्यातून मानसिक उपचार करतो; आईनं माझा नंबर शोधला.

पहिल्या भेटींत काय समजलं

पहिल्या दिवशी तो दोन गल्ल्या अलीकडे गाडी लावून, हेल्मेट डोक्यातच ठेवून जिना चढून आला. कोल्हापुरात ही काळजी अगदीच उगाच नाही. कुठंही उभं राहा, ‘आण्णांचा पोरगा न्हवं तू?’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच. मी त्याला आधी गोपनीयतेबद्दल सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. आईनं नंबर शोधला म्हणून आईला सगळं कळणार असं नाही. त्यानंतर हेल्मेट निघालं.

सुरुवात आठवीची. मराठीच्या तासाला धडा वाचताना आवाज कापला, वर्ग हसला. पुढे प्रकट वाचनाच्या दिवशी पोटात दुखायला लागायचं. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत उत्तर येत असून गप्प बसला. या त्रासाची सुरुवात बहुतेकांत अशीच शाळेच्या वयात, तेराच्या आगेमागे होते, आणि तो ‘स्वभाव’ म्हणून खपून जातो.

एक गोष्ट त्यानं बऱ्याच उशिरा सांगितली. त्याला चहा मनापासून आवडतो, पण घराबाहेर तो सगळ्यांना ‘मी चहा घेत नाही’ असं सांगतो. कप हातात थरथरेल आणि लोकांना दिसेल, ही भीती. उद्यमनगरात चहाला नाही म्हणणं म्हणजे निम्म्या संबंधांना नाही म्हणणं.

लाजाळूपणा आणि सामाजिक भीतीचा आजार यांतली रेघ तीन प्रश्नांनी स्पष्ट होते. भीती सहा महिन्यांहून जास्त टिकून आहे का? तिच्यामुळे माणूस गोष्टी टाळतो किंवा प्रचंड त्रास सोसून करतो का? आणि त्यामुळे शिक्षण, काम, नाती यांचं खरंच नुकसान होतंय का? इथं तिन्हीचं उत्तर हो होतं. ‘स्पिन’ ही १७ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. तिच्यात ० ते ६८ गुण असतात आणि १९ च्या पुढे गेलं की नीट तपासणी करावी असा संकेत आहे. त्याचे गुण चाळीसच्या पुढे होते. थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती ठीक आली. दारूबद्दल विचारलं. लग्नाच्या हळदीला नाचायच्या आधी दोन पेग, एवढंच, पण ‘घेतली की बोलता येतं’ हे त्याला उमगलेलं होतं. ती वाट बऱ्याच जणांना पुढे वेगळ्याच खड्ड्यात नेते, म्हणून नोंद करून ठेवली. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आहेत का, हेही स्पष्ट विचारलं. नव्हते.

भीती टिकते कशामुळे

क्लार्क आणि वेल्स या दोघांनी १९९५ साली मांडलेली रचना या प्रकरणात जवळपास जशीच्या तशी लागू पडली. माणूस लोकांसमोर गेला की त्याचं लक्ष समोरच्याकडे राहत नाही, स्वतःकडे वळतं. आवाज कापतोय का, कान लाल झालेत का? आत जे जाणवतं तेच बाहेर दिसतंय असं तो धरून चालतो. मग ते दिसू नये म्हणून बचावाच्या युक्त्या करतो. प्रसंग कसाबसा निभावला तर श्रेय युक्तीला जातं आणि भीती शाबूत राहते. घरी आल्यावर रात्रभर तेच दळण.

अनिकेतच्या युक्त्या इंजिनिअरच्या होत्या. अगदीच फोन करावा लागला तर तो कॉम्प्रेसर सुरू होण्याची वाट बघायचा. त्या आवाजात आपला कापरा आवाज लपतो, आणि फोन लवकर आटोपायला कारणही मिळतं. बोलायची वाक्यं जॉब कार्डच्या मागे लिहून ठेवायचा.

पण सगळ्यात पक्की युक्ती त्याची नव्हती, घरच्यांची होती. दाजी फोन घ्यायचे, आई दुकानातून शर्ट बदलून आणायची, पाहुणे आले की बहीण ‘तो कामात आहे’ म्हणून सांगायची. सगळं मायेनंच. पण त्यामुळे आठवीपासून आजवर, आपण फोन घेतला तर नेमकं काय होतं हे बघण्याची वेळच त्याच्यावर आली नव्हती. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथं होती, अनिकेतच्या ‘आत्मविश्वासाच्या अभावात’ नाही.

कोणते पर्याय होते

आण्णांचा पर्याय ठरलेला होता: व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास. मित्राच्या मुलाचा झालाय, आता माइक सोडत नाही म्हणे. हे क्लास वाईट नसतात. थोडं बुजणाऱ्याला त्यांचा फायदा होतो. पण पहिल्याच आठवड्यात चाळीस अनोळखी माणसांपुढे पाच मिनिटं बोलायला लावणं हे अनिकेतसारख्यासाठी आठवीचा तासच परत भरवण्यासारखं झालं असतं. तयारी नसताना टाकलेल्या माणसाला प्रसंग संपायची घाई असते, तो काही शिकत नाही.

आईचा पर्याय लग्नाचा. ‘बायको आली की सुटंल’. तो मी फार चर्चेला न घेता बाजूला ठेवला. बायको आली असती तर फोन घेणारं आणखी एक माणूस आलं असतं.

तिसरा पर्याय अनिकेतचा स्वतःचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. फोन आणि डिस्पॅचसाठी एक मुलगा पगारावर ठेवायचा. महिन्याचा पगार गेलेल्या लॉटपेक्षा स्वस्त पडला असता. धंदा म्हणून हिशेब चोख होता. मी त्याला एवढंच विचारलं, की त्या मुलाला ड्रॉइंगमधली एम७ ची भानगड समजावून साहेबांना विचारता येईल का? त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला.

चौथा, गोळ्यांचा. एका मित्रानं त्याला ‘स्टेजवाले घेतात ती’ गोळी सांगितली होती, म्हणजे प्रोप्रानोलॉल. तिनं धडधड आणि थरथर थोडा वेळ दबते, पण लहानपणी त्याला दमा होता आणि अजून अधूनमधून इन्हेलर लागायचा. दमेकऱ्यानं ही गोळी घ्यायची नसते. दुसऱ्या गोळ्या, म्हणजे एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन यांसारख्या, या आजारावर खरोखर उपयोगी पडतात. मात्र त्यांचा असर दिसायला काही आठवडे जातात आणि त्या मानसोपचारतज्ज्ञानंच द्यायच्या.

पाचवा, विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी याच आजाराकरता बेतलेली वैयक्तिक सीबीटी पहिली पसंती म्हणून सांगितली आहे. ठरलं असं, की सुरुवात सीबीटीनं करायची, गोळ्यांचा दरवाजा उघडा ठेवायचा आणि तीनेक महिन्यांनी परत बसून बघायचं.

काय केलं

पहिलं मोठं काम व्हिडिओचं. माझ्याच खोलीत मी क्वालिटीवाला साहेब झालो, तो फोनवर बोलला, चित्रण केलं. बघायच्या आधी त्याला लिहायला लावलं, की पडद्यावर काय दिसेल. आवाजाची थरथर दहापैकी नऊ, असं त्यानं लिहिलं. मग स्वतःला अनोळखी माणूस समजून बघायला सांगितलं. त्यानं तो तुकडा परत परत लावला आणि शेवटी तीन दिले. “आवाज कापतोय, पण मी काय बोलतोय ते समजतंय,” म्हणाला. मला इथं ‘बघ, काही कापत नाही’ म्हणायचा मोह आवरायला लागला. कापत होताच. मुद्दा तो नव्हताच.

त्यानंतर फोन. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात फोन करून कार्बाइड इन्सर्टचा भाव विचारायचा, कॉम्प्रेसर बंद असताना, लिहून न ठेवता. मग मुद्दाम चुकीचा नंबर सांगून ‘थांबा, चुकलं माझं’ म्हणायचं. दर वेळी आधी अंदाज लिहायचा, नंतर प्रत्यक्ष काय झालं ते. ‘वैतागेल’ हा अंदाज सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला होता. एक दुकानदार खरंच वैतागला. वही बाजूला ठेवून आम्ही त्यावर बोललो: वैतागला, मग? मग काही नाही, त्यानं भाव सांगितला.

हातांच्या थरथरीसाठी जागा अनिकेतनंच सुचवली: गंगावेशीतला दूध कट्टा. तिथं म्हशीचं दूध समोर काढून फेसासकट ग्लास हातात देतात. गर्दी, ओळखीचे चेहरे आणि काठोकाठ भरलेला ग्लास. त्याला सांगितलं होतं, की ग्लास दोन्ही हातांनी धरायचा नाही आणि थोडं दूध मुद्दाम सांडायचं. त्याचा अंदाज होता, सगळे बघतील आणि ‘पिलाय काय’ म्हणतील. त्यानं सांडलं. शर्टावर ओघळ आला. शेजारचे एक काका बघून म्हणाले, “हुंदे की, दूधच हाय,” आणि परत आपल्या म्हशीच्या किमतीकडे वळले. हे सांगताना अनिकेत पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळा हसला. त्यानंतर त्यानं कोपऱ्यावर चहा घ्यायला सुरुवात केली. गाडेवाल्यानं ‘घेत न्हवता की तुमी’ म्हटल्यावर ‘आता घेतो’ एवढंच बोलला.

निर्णयाचा पहिला पेच: आण्णांना सांगायचं का

अनिकेतला आईला सांगायला हरकत नव्हती. आण्णांना नको. पण फोन वाजतो तो आण्णांसमोर, आणि घरच्यांनी मध्ये पडणं थांबवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी स्वतः सांगणार नाही, पण सांगायचं ठरलं तर सोबत बसेन, असं त्याला सांगितलं. तीन आठवडे त्यानं घेतले. शेवटी आण्णा आले, खुर्चीच्या कडेला बसले आणि सगळं ऐकून म्हणाले, “म्हंजे चूक आमचीच म्हणा की.” त्यांना हे पटवायला वेळ लागला, की चूक शोधणं चाललेलं नाही.

करार साधा होता. सकाळी अकरा ते बारा शॉपचा फोन फक्त अनिकेतचा. त्यानं नाही घेतला तर मिस्ड कॉल, दुसऱ्या कुणी घ्यायचा नाही. आईला जमलं. आण्णांना जमेना. तिसऱ्या रिंगला त्यांचा हात आपोआप जायचा. उपाय त्यांनीच काढला. अकरा वाजले की ते चहाच्या गाड्यावर जाऊन बसायला लागले.

दुसरा पेच: गणपती

सगळं बरं चाललं असताना गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी आरतीच्या वेळी त्याच्या हातात माइक दिला. ‘भावा, आज तू बोल.’ त्यांना त्याच्या उपचारांचं काही माहीत नव्हतं, प्रेमानंच दिला. तो माइक खाली ठेवून निघून गेला. पुढचे काही आठवडे माझ्याकडे आला नाही. फोन परत आण्णांकडे गेले. तो परतला तेव्हा रोज रात्री तोच प्रसंग डोक्यात फिरवत असल्याचं म्हणाला, झोप उडालेली.

इथं गोळ्यांचा प्रश्न परत टेबलावर आला. एक मत असं असू शकतं, की हा नेहमीचा चढउतार आहे, काम चालू ठेवावं. माझा कल उलटा होता. झोप गेली होती, शॉप सुटायच्या बेतात होतं आणि सराव करण्याइतकं बळच उरलं नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासून सर्ट्रालिन कमी मात्रेत सुरू केलं. पहिले काही दिवस मळमळ झाली. आण्णांचा विरोध ‘डोक्याच्या गोळ्या सुटत न्हाईत’ असा होता. या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही. मात्र मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशा हळूहळू कमी करायच्या. हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं. महिन्या-दीड महिन्यानं झोप जागेवर आली आणि आम्ही परत फोनवर आलो.

रात्रीच्या दळणावर वेगळं काम केलं. प्रसंगाबद्दल त्यानं फक्त दोन गोष्टी लिहायच्या: प्रत्यक्ष कुणी काय बोललं, आणि बाकी आपण काय जोडलं. माइकच्या प्रसंगात पहिल्या रकान्यात एकच ओळ आली. एका मुलानं ‘अरे, गेला कुठं?’ विचारलं होतं.

परिणाम

उपचार सुरू होऊन साधारण आठ महिन्यांनी ‘स्पिन’चे गुण विशीच्या आसपास आले. म्हणजे काठावर, पूर्ण उतरलेले नाहीत. गिऱ्हाइकांचे फोन तो घेतो, दिवसभर. दुसऱ्या एका जॉबवर शंका आली तेव्हा शिरोलीला स्वतः गेला, ड्रॉइंग टेबलावर पसरून क्वालिटीवाल्यांशी बोलला. आवाज सुरुवातीला कापला, असं त्यानं आपणहून सांगितलं, तक्रार म्हणून नाही. लग्नाच्या पंगतीत जेवणं अजून जड जातं. मंडळात तो जातो, माइक घेत नाही.

लोक ‘आत्मविश्वास आला’ म्हणतात. मी जे पाहिलं त्यात क्रम उलटा होता. आधी फोन घेतला, खूप वेळा, घाबरतच. विश्वास त्याच्या मागून बऱ्याच अंतरानं आला, आणि अजून सगळीकडे पोचलेला नाही.

वेगळं काय करता येईल

घरच्यांना सामील करून घेणं हे अशा कुटुंबात पहिल्या महिन्यातच व्हायला हवं, रुग्णाची तयारी असेल तर. इथं ती नव्हती आणि वाट बघण्याला पर्याय नव्हता. पण एकत्र धंदा असलेल्या घरात हा विषय पहिल्या भेटीतच काढून ठेवलेला बरा, म्हणजे रुग्ण त्यावर विचार करायला लागतो.

सणवार आधी कॅलेंडरवर मांडून घ्यावेत. गणपती, लग्नसराई, गावची जत्रा यांत माणसाला तयारीपेक्षा मोठ्या प्रसंगात ओढलं जाणार हे उघड आहे. ‘आज नको, पुढच्या वेळी’ असं म्हणून तिथंच उभं राहणं हाही सराव आहे, आणि पळून जाण्यापेक्षा तो फार वेगळा आहे. माइकच्या प्रसंगानंतर आम्ही तो केला.

शाळेच्या पातळीवर तर बरंच काही. वाचताना आवाज कापलेल्या मुलाला वाचनातून कायमची सुट्टी देणं ही दया वाटते, पण तिथूनच टाळाटाळ सुरू होते. एका परिच्छेदाऐवजी एक ओळ, मग दोन, असं करता आलं असतं. ज्यांना खर्चामुळे किंवा ओळखीच्या धास्तीनं कुणाकडे जाता येत नाही त्यांच्यासाठी सरकारी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही फोनवरची मोफत मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ती मराठीतही चालते. मात्र अनिकेतसारख्याला तोही फोनच करायचा असतो, त्यामुळे पहिला नंबर घरातल्या कुणी लावून दिला तर चालेल. फक्त बोलायचं त्यानं.

डिस्पॅचसाठी आता शॉपमध्ये एक मुलगा ठेवला आहे, कारण काम वाढलं. गाडी, चलन, बिलं तो बघतो. क्वालिटीचे फोन अनिकेतकडेच आहेत. गोळ्या कधी कमी करायच्या, हा निर्णय डॉक्टरांबरोबर दिवाळीनंतर घ्यायचा आहे.